दोन तालमींमधली खानावळ

"घरात कुणी आजारी पडलंय काय?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं.

"मग मदत कशाची मागतीस?"

आजही हे आठवलं की माझं डोकं तापतं. कुणी आजारी पडलं नाही, म्हणजे आम्ही गुन्हेगार! घरात एकाला तरी दोन दिवस जुलाब झाले असते तर आमचं भलं झालं असतं, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, आणि तोंडानं फटकळ. निघताना आईनं बजावलं होतं, "तिथं जाऊन भांडू नगंस. ग्वाड बोल." गोड बोलायचं माझं भांडवल त्या एका प्रश्नात संपलं.

झालं होतं ते असं. सत्तरच्या दशकाची सुरुवात, ऐन उन्हाळा. आमच्या पेठेत कुठंतरी पिण्याच्या पाण्याचा पाइप फुटला, त्यात गटार मिसळलं आणि गॅस्ट्रोची साथ आली. आठ दिवसांत दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. व्हरांड्यात खाटा, आणि खिडक्यांच्या गजांना बांधलेल्या सलाईनच्या बाटल्या. मग एक गाडी भोंगा लावून गल्लीबोळातून फिरली. पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका, आणि पेठेतली सगळी हॉटेलं, रसाची दुकानं, बर्फाच्या गाड्या आणि खानावळी पुढचा हुकूम होईपर्यंत बंद.

आमची खानावळ होती. वडील गेल्यावर आईनं ती चुलीच्या आणि स्वतःच्या दोन हातांच्या जोरावर सुरू केली होती. बावीस मेंबर होते. खानावळीत महिन्यानं जेवणाऱ्याला आमच्याकडं गिऱ्हाईक म्हणत नाहीत, मेंबर म्हणतात. निम्मी कॉलेजची पोरं, निम्मे फौंड्रीतले कामगार. दोन वेळ भाकरी, आमटी, भाजी आणि बुधवारी-रविवारी मटण. साथीत आमच्या एकाही मेंबराला काही झालं नाही. आई पहिल्यापासूनच पाणी उकळून, फडक्यानं गाळून ठेवायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. गढूळ पाणी तिला बघवायचं नाही, एवढंच. तरी बंद म्हणजे बंद.

मेंबर पेठेबाहेरच्या एका मोठ्या खानावळीत जायला लागले. जाताना प्रत्येक जण म्हणायचा, "मावशी, सुरू झाली की सांगा, लगीच येतो." आई "व्हय व्हय" म्हणायची, पण तिचा जीव टांगणीला लागलेला. मेंबराची जीभ एकदा दुसऱ्या आमटीला सरावली की तो माघारी येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. महिन्याच्या आत दार उघडलं नाही तर खानावळ संपली. आणि आमच्या घरात दुसरी मिळकत नव्हती. माझ्या कॉलेजची फीसुद्धा त्याच चुलीवर शिजायची.

साथीसाठी एक निवारण समिती नेमली होती. ती एका शाळेच्या वर्गात बसायची. पहिलीतल्या पोरांच्या बाकांवर मोठे बाप्ये गुडघे छातीला लावून बसलेले. तीन टेबलं होती. एक रहिवाशांचं, एक धंदेवाल्यांचं, एक संस्थांचं. बंद पडलेल्या धंदेवाल्याला दोन पोती ज्वारी, तेलाचा डबा आणि तपासणी करून परत उघडायचं पत्र मिळणार होतं. ज्वारी-तेल गेलं खड्ड्यात, मला ते पत्र पाहिजे होतं. मी चुकून रहिवाशांच्या टेबलापुढं उभी राहिले होते, म्हणून तो जुलाबांचा प्रश्न.

"खानावळ हाय आमची," मी म्हटलं.

"मग तसं सांग की! ते टेबल."

त्या टेबलावरच्या कारकुनानं अर्ज उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "तालमीचा दाखला जोडा."

हे बाहेरच्या माणसाला जरा समजावून सांगावं लागेल. कोल्हापुरात माणूस राहतो पेठेत, पण असतो तालमीचा. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, ते खरंच. पण नळाला पाणी आलं नाही तर तालमीत जायचं, लग्नाला मांडव पाहिजे तर तालमीत जायचं, जावाजावांचं भांडण झालं तरी तालमीत जायचं. समितीनं विचार केला, घरोघर कोण फिरतंय उन्हात? तालमींनीच दाखले द्यावेत. कुठल्यातरी शहाण्याला हे फार सोपं वाटलं असणार.

आमचं घर दोन गल्ल्यांच्या मध्ये. पुढचं दार एका गल्लीत, मागचं दुसऱ्या गल्लीत. दोन्ही गल्ल्यांच्या तालमी वेगळ्या. आम्ही त्यांना पुढची तालीम आणि मागची तालीम असंच म्हणायचो. दोघींमध्ये विळ्या-भोपळ्याचं सख्य. आम्ही राहायचो पुढच्या खोलीत, स्वयंपाकघर मागं, म्हणून मेंबर मागच्या दारानं जेवायला यायचे.

पुढच्या तालमीचे अध्यक्ष जुने पैलवान. कान चेपलेले, आवाज ढोलासारखा. त्यांनी अर्ज वाचलाच नाही. "खानावळीचं दार मागं हाय न्हवं? मग मागच्यांकडं जा की. आमी कसा दाखला द्यायचा?"

मागच्या तालमीचे अध्यक्ष शिंपी. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून ते म्हणाले, "घराचा नंबर पुढच्या गल्लीचा हाय तुमचा. गणपतीची वर्गणी कुठं देता?"

"दोन्हीकडं पिठलं-भाकरी देतो की. तुमची समदी पोरं जेवून जात्यात विसर्जनादिवशी."

"पावती हाय?"

"भाकरीची कोण पावती देतं व्हय?"

"मग आमी तरी काय करणार, बाई," असं म्हणून त्यांनी टाचण्या परत तोंडात धरल्या.

पुढच्यांकडून मागच्यांकडं, मागच्यांकडून पुढच्यांकडं अशा मी चार खेपा घातल्या. चपलेचा अंगठा तुटला, तो तारेनं बांधला. पैलवान म्हणायचे शिंप्याला विचार, शिंपी म्हणायचा पैलवानाला विचार. विसर्जनाला दोन्हीकडचे आमच्याच घरात ढेकर द्यायचे, तेव्हा कुणाला हद्द आठवली नाही. आता दाखल्याला हद्द! परत शाळेत जाऊन त्या कारकुनापुढं रडगाणं गायलं, तर तो दया आल्यागत म्हणाला, "तुमी असं करा, संस्था काढा की. संस्थांच्या टेबलाला तालमीचा दाखला लागत न्हाई. पाच बायका गोळा करा, एक ठराव करा, झालं."

आणि मी मूर्ख, खरंच पाच बायका गोळा केल्या! आमच्या ओट्यावर अन्नदान महिला मंडळाची पहिली सभा झाली. अर्धा तास अध्यक्ष कुणी व्हायचं यावर गेला, पुढचा अर्धा तास सेक्रेटरी कुणी व्हायचं नाही यावर. दोघी रुसून गेल्या, एक दही विरजायचंय म्हणून उठली. आई आतून म्हणाली, "लई झालं मंडळ. मला माझी खानावळ पायजे."

एव्हाना पंधरा दिवस गेले होते. आई रोज सकाळी उठून स्वच्छ असलेली भांडी परत घासायची. वाहाणांचे आवाज आले की मागच्या दाराकडं बघायची. ते बघून माझ्या डोक्याची शीर उठायची. शेवटी एका सकाळी मी पुढच्या तालमीत गेले आणि पैलवानांना म्हटलं, "चला घरी. आईनं बोलावलंय." मग मागच्या गल्लीत गेले आणि शिंप्यांना तेच सांगितलं. एक पुढच्या दारानं आत आले, एक मागच्या. स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर! आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ताक ओतायला घेतलं.

"आता दाखवा मला," मी म्हटलं, "ह्या घरात तुमची हद्द कुठं संपते आणि ह्यांची कुठं सुरू होते. तिथं मी खडूनं रेघ मारते. रेघेच्या पलीकडं आमची आई कुणाची आणि अलीकडं कुणाची, तेबी सांगा."

"अगं, काय बोलतीस!" आई ओरडली.

पण गंमत बघा, दोघांना तो प्रश्न अगदी रास्त वाटला. पैलवान म्हणाले, देव्हाऱ्यापर्यंत आमचं. शिंपी म्हणाले, देव्हारा तुमचा असंल, पण पाटा-वरवंटा आमच्याकडं येतोय. पैलवान म्हणाले, पाटा कसा तुमचा? त्यावर शिंप्यांनी गळ्यातला टेप काढला आणि मागच्या दारापासून मोजायला लागले. पैलवान दुसरं टोक धरून उभे! दोन म्हातारी माणसं भर सकाळी आमच्या स्वयंपाकघरात टेप धरून भांडत होती आणि आई दोघांच्या मध्ये ताकाचे पेले घेऊन उभी. शेवटी ठरलं. देव्हारा आणि आम्ही माणसं पुढच्या तालमीची, चूल आणि पाटा मागच्या तालमीचा. म्हणजे खानावळ मागच्यांची. शिंप्यांनी ताक पिऊन तिथंच दाखला लिहून दिला. असं वाटलं, त्यांच्या पाया पडावं आणि पडता पडता पाय ओढावा.

दाखला शाळेत नेऊन दिला. दोन दिवसांनी यादी लागली, त्यात आमचं नाव नाही. कारकुनाशी भांडून ते घालायला लावलं. परत यादी लागली, तर नाव अगदी खाली, कागदाच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात. पुढच्या टेबलावरचा साहेब म्हणाला, "कुठाय? मला काय दिसत न्हाई." मी बोट ठेवून दाखवलं. तो म्हणाला, "असं चालत न्हाई. आता यादी तालमीच्या फळ्यावर लिहायची आहे. आठ दिवस लोकांनी वाचायची, कुणाची हरकत आली न्हाई तरच मंजूर. फळ्यावर नाव नीट दिसलं पायजे."

नीट दिसलं पाहिजे! एवढं ऐकलं आणि मी तिथून उठले.

मागच्या तालमीचा फळा चौकात होता. पेठेच्या सगळ्या बातम्या त्यावर. कोण गेलं, कुणाची कुस्ती आहे, पाणी किती वाजता येणार. बाजाराला येणारी खेड्यापाड्यातली माणसंही तिथं थांबून वाचायची. फळा लिहायचं काम आमच्या गल्लीतल्या पेंटरचाचांचं. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या पाट्या रंगवणारं. दोन्ही तालमींना चालणारा पेठेतला तो एकच माणूस, कारण तसं अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. आमच्या खानावळीची पाटीसुद्धा त्यांनीच रंगवलेली.

मी समितीचा कागद त्यांच्या हातात दिला आणि शेजारी उभी राहिले. त्यांनी वर मथळा लिहिला, तांबड्या खडूनं, समितीच्या कागदावर होता तसाच: गॅस्ट्रो-साथग्रस्त खानावळी व हॉटेले.

"आमचं नाव पयलं लिवा, चाचा."

"पयलं? कागदावर तर खाली हाय बेटी."

"पयलंच लिवा. आणि मोठ्ठं. हातभर."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. "एवढं मोठं कशाला? वाचणाऱ्याला बारीक बी दिसतंय."

"त्या साहेबाला दिसत न्हाई, चाचा! पंधरा-वीस दिवस मी मरमर मरतीया. तुम्ही लिवा."

ते आणखी काहीतरी बोलणार होते. पण माझा अवतार बघून त्यांनी लिहायला घेतलं. पिवळ्या खडूनं, खाली सावली देऊन, अगदी नाटकाच्या बोर्डासारखं. आमच्या खाली तीन हॉटेलं, साध्या पांढऱ्या अक्षरात. मी आईला मुद्दाम चौकात घेऊन गेले. आईला वाचता येत नव्हतं. तिनं लांबूनच विचारलं, "कुठलं गं आपलं?" मी म्हटलं, "ते पिवळं. सगळ्यात वर हाय, आई." आई बराच वेळ बघत उभी राहिली. साथ सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

दुसऱ्याच दिवशी यादीतला एक हॉटेलवाला आला आणि त्यानं ओल्या फडक्यानं स्वतःचं नाव पुसून टाकलं. "मला नको तुमची ज्वारी," म्हणाला. मी मनात म्हटलं, माज आलाय मेल्याला. आठ दिवस मी कॉलेजला जाता-येता फळा बघायची, कुणी आमचं नाव पुसलं नाही ना म्हणून. एकदा एका टोकाला सायकलचा धक्का लागून रेघ फिस्कटली, तर चाचांना बोलावून परत ठळक करून घेतली.

हरकत कुणाचीच आली नाही. नवव्या दिवशी तपासणीवाले आले, पाण्याचा हंडा बघितला, चूल बघितली, सही-शिक्का मारून पत्र दिलं. ज्वारीची पोती हातगाडीवरून आली. पोती उतरवत होतो तेवढ्यात लांबून भोंगा ऐकू आला. साथ आटोक्यात आली आहे, पेठेतली सगळी हॉटेलं आणि खानावळी आजपासून सुरू करण्यास हरकत नाही. सगळी! पत्र असलेली आणि नसलेली. ज्यानं नाव पुसलं होतं, तो कोपऱ्यावर आपल्या हॉटेलाचं दार उघडून, टेबलावर फडकं मारत बसला होता. मी पत्र हातात धरून दारात उभी. कुणाच्या तोंडात मारावं तेच कळेना.

"असूं दे," आई म्हणाली. "उघडली न्हवं? मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मी बावीसही मेंबरांना निरोप देऊन आले. आईनं बावीस माणसांचा स्वयंपाक केला. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरीची चवड कापडात गुंडाळून ठेवलेली. ताटं मांडली. बारा वाजले, एक वाजला. मागच्या दाराकडं बघून बघून आईची मान अवघडली.

दीडच्या सुमाराला एक जण आला. कोडोलीचा पोरगा, माझ्याच कॉलेजात शिकणारा, तीन वर्षं आमच्याकडं जेवणारा. दारातच उभा राहिला. पायातल्या वाहाणा काढल्या नाहीत.

"मावशी, माझी लोणच्याची बरणी ऱ्हायलीया आत. तेवढी द्या."

"अरं, देते की. आधी बस जेवायला."

"न्हाई मावशी." तो जमिनीकडं बघायला लागला. "आबा बाजारला आलतं. चौकातला फळा वाचलाय त्यांनी. तुमच्या खानावळीत गॅस्ट्रो झालता म्हणून लिवलंय."

"आमच्यात? अरं, तू हितंच जेवत हुतास की! कुणाला काय झालं हुतं काय?"

"मला ठाव हाय की. पण आबा म्हणालं, परत तिथं जेवलास तर कॉलेज बंद करीन. समद्या पोरांनी वाचलंय मावशी. लांबनं बी दिसतंय ते."

आईनं बरणी आणून दिली. तिच्यावरची धूळ पदरानं पुसून दिली. तो गेल्यावर ती चुलीपुढं बसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आपलं नाव सगळ्यात वर हाय म्हणालीस न्हवं?"

"व्हय."

"त्याच्याबी वर तांबडं काय लिवलंय?"

मी सांगितलं. एकेक शब्द सांगितला. साथीनं पकडलेल्या खानावळी, असा त्याचा अर्थ होतो, हे मला त्या क्षणी, बोलता बोलता समजलं. कॉलेजात शिकणारी मी! पंधरा वेळा तो मथळा डोळ्यांखालून गेला, पण मला फक्त खालचं आमचं नाव दिसत होतं. समितीच्या भाषेत साथग्रस्त म्हणजे साथीमुळं बंद पडलेली, आणि चौकाच्या भाषेत साथग्रस्त म्हणजे जिथं जेवून माणसं दवाखान्यात गेली ती. हे त्या हॉटेलवाल्याला कळलं, चाचांना कळलं, मला कळलं नाही. मी रडायला लागले. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावं असं वाटत होतं.

आई उठली. एक ताट माझ्यापुढं सरकवलं. "जेव. एवढं शिजवलंय, कोण खाणार?"

फळा मी त्याच दुपारी जाऊन स्वतःच्या हातानं पुसला. पण वाचलेलं कुठं पुसता येतंय? महिनाभर आईनं वाट बघितली. तीन-चार मेंबर आले, तेही दोन दिवस येऊन गायब झाले. मग आई मुकाट्यानं पेठेबाहेरच्या त्याच मोठ्या खानावळीत भाकरी थापायला जायला लागली, आत, भटारखान्यात. आमचे बहुतेक मेंबर बाहेर तिथंच जेवत होते. तिथल्या मालकानं तिला बजावून ठेवलं होतं, बाहेर तोंड दाखवायचं नाही.

दिवाळीच्या आसपास फौंड्रीतल्या एका मेंबरानं मला रस्त्यात थांबवलं. चांगला माणूस, कायम आईची चौकशी करणारा. म्हणाला, "मावशीला सांग, आमचं आता तिथं झ्याक चाललंय. पयल्यांदा भाकरी वातड असायची, पण मधनं सुधारली बघ. अगदी मावशीच्या हातची वाटती."

माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मी बोलले नाही. ती मावशीच थापते असं म्हटलं असतं, तर तो तिथनंही उठला असता.